उसना आवाज

एका राज्यात दुर्मुख नाम संवत्सर चालू होतं. ऋतू शिशिर, महिना माघ, तिथी वद्य पंचमी. उन्हं अंगणात उतरली आणि राजवाड्याच्या बुरुजावरून आवाज आला.

“ऐका हो ऐका! तळवाडीची वस्ती उठणार. तिथं महाराजांच्या नौकाविहारासाठी तळं होणार. ही पहिली दवंडी. दुसरी अवसेला, तिसरी फाल्गुनी पुनवेला. तिसरी झाली की नदीचं पाणी तळवाडीत सोडण्यात येईल. ऐकलं का हो?”

“ऐकलं!” साऱ्या राज्यानं उत्तर दिलं.

तळवाडीनंही दिलं. जनकू परटाच्या हातात पिळलेलं धोतर होतं. ते तसंच धरून तो म्हणाला, ऐकलं. सोनाई बुरडीण दातात बांबूची कांब धरून टोपली विणत होती. तिनं कांब काढली आणि म्हणाली, ऐकलं. पाळण्यातली पोरं, ज्यांना अजून बोलता येत नव्हतं, त्यांचेही ओठ हलले. भिवराही म्हणाली. म्हणून झाल्यावर तिनं जीभ चावली, पण तोवर उशीर झाला होता.

त्या राज्याची रीतच तशी होती. दवंडी तीनदा द्यायची आणि लोकांनी तीनदा ‘ऐकलं’ म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हटलं की ती गोष्ट बांधली गेली. मग मन नको म्हणालं तरी पाय चालू लागत. जुनी जादू होती, कुणी केली ते कुणाला ठाऊक नव्हतं. पेरणी कधी, जत्रा कधी, पाटाचं पाणी आधी कुणाला, एवढ्यासाठीच ती वापरत. तोवर तिचा जाच कुणाला झाला नाही. विळी भाजी चिरते तोवर तिच्या धारेकडं कुणी बघत नाही.

जादू आवाजात होती आणि आवाज हैबतीचा होता.

हैबती म्हणजे भिवराचा नवरा. दवंडी देणं हे त्याच्या घराण्याचं काम. आता तो घरासमोरच्या दगडावर बसून शेकोटीवर हलगी तापवत होता. वाजवायची नव्हती, तरी तापवत होता. हातांना दुसरं काही येत नव्हतं. बुरुजावरून त्याचाच आवाज घुमत होता आणि तो मुका बसून ऐकत होता.

“वा रे हैबती!” जनकू कुंपणापलीकडून ओरडला. “आम्हाला बुडवायला निघालास, पण सूर काही हलला नाही तुझा.”

“त्यांना कशाला बोलता, जनकूभाऊ?” भिवरा म्हणाली. “आवाज त्यांचा आहे, शब्द त्यांचे नाहीत.”

“बुडणाऱ्याला काय फरक पडतो, वहिनी?”

भिवरा मागं वळून घरात गेली.

झालं होतं असं. धवलसेन राजा नुकताच गादीवर बसला तेव्हा राज्यावर टोळधाड आली. डोंगरावर जोगनाथ नावाचा मांत्रिक राहत होता. राजानं त्याला शब्द दिला, “टोळ हटव, माझ्या मांडीला मांडी लावून जेवशील.” जोगनाथानं शिंग फुंकलं. टोळ माघारी फिरले. पण पानं मांडायची वेळ झाली तेव्हा दरबारी मंडळींनी नाकं मुरडली. राजा गप्प राहिला. जोगनाथाचं पान पागेशेजारी, घोड्यांच्या लिदीजवळ मांडलं गेलं. जोगनाथ पानावरून उठला. “ज्या तोंडानं बोलावलंस, ते तोंड आता बोलायचं नाही,” एवढंच म्हणाला आणि राजाचा आवाज मडक्यात घालून डोंगरावर घेऊन गेला.

पुढं शत्रू खिंडीत आला. राजाच्या तोंडचा हुकूम नसेल तर फौज हलत नसे. प्रधान मुक्या राजाला घेऊन हैबतीच्या दारात आला. राजानं बेलभंडार उचलून शपथ घेतली आणि प्रधानानं ती बोलून दाखवली. “आवाज उसना द्या. दसऱ्याला परत.” हैबतीनं ओंजळीत पाणी घेतलं आणि पाण्यात आपला आवाज सोडला. राजा ते पाणी प्यायला. फौज हलली, शत्रू पळाला. दसरा आला. राजा आला नाही.

कारण राजाला एक गोष्ट कळली होती. या आवाजात काहीही सांगितलं तरी लोक ‘ऐकलं’ म्हणतात.

आधी दवंडी आली की महाराजांची स्वारी निघाली असता लोकांनी भिंतीकडं तोंड करून उभं राहावं. लोक राहिले. मग आली की वाड्यासमोरून जाताना वहाणा डोक्यावर घ्याव्यात. लोकांनी घेतल्या. मग चुलीवरचा पहिला घास वाड्यावर पोचवावा. पोचवला. मोठा अन्याय माणसाच्या घशाखाली एकदम उतरत नाही. त्याचे लहान लहान घास करून भरवले की उतरतो. पुढं सवय झाली की माणूस आपणच तोंड उघडतो. ते राज्य तोंड उघडून बसलं होतं.

त्या दिवशी दुपारी हैबतीनं शेकोटीतला निखारा चिमट्यात उचलला आणि तोंड उघडून घशापाशी नेला. भिवरानं त्याचा हात धरला.

“हे काय करता?”

हैबतीनं आधी गळ्याकडं बोट केलं, मग बुरुजाकडं. इथं जळलं की तिथंही जळेल, असं त्याच्या मनात होतं.

“आणि नाही जळलं तर? मग मी तुमचा जळका गळा घेऊन कुठं बसू? तळ्याच्या काठी?” तिनं निखारा पुन्हा शेकोटीत टाकला. तिला तळवाडीची काळजी होती, पण त्याहून या माणसाची होती. आपल्याच आवाजानं शेजार बुडाला तर हा माणूस पुनवेनंतर जगणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. “मी आणते तुमचा आवाज. तोवर निखाऱ्याला हात लावलात तर बघा.”

आणायचा कुठून, हे तिला माहीत नव्हतं. ती नदीकडं गेली. वाळूत टिटवीची अंडी होती आणि टिटवी त्यांच्याभोवती ओरडत फिरत होती.

“बुडणार! सगळं बुडणार!”

“गप बस गं. आधीच माझं काळीज ठिकाणावर नाही.”

“मी गप बसणार नाही. ओरडणं माझं कामच आहे, बये. तुझ्या घरचं बंद पडलं म्हणून मी का बंद करू?”

“मग नुसती ओरडू नकोस. उपाय सांग.”

टिटवी एका पायावर उभी राहिली. “एका गळ्यात दोन आवाज राहत नाहीत. राजाचा स्वतःचा आवाज त्याच्या गळ्यात गेला की उसना बाहेर पडेल. तीन कामं कर. डोंगरावरून राजाचा आवाज आण. वाड्याच्या दारातल्या पितळी सिंहापुढून तो आत ने. आणि राजाला तो घ्यायला लाव.”

“पहिली दोन करीन. तिसरं कसं करू?”

“ते मला काय ठाऊक? मी पक्षी आहे,” टिटवी म्हणाली आणि पुन्हा ओरडायला लागली.

भिवरानं भाकऱ्या बांधल्या आणि ती निघाली. वाट वाकडी नव्हती, पण वेळ फार लागला. राजाची स्वारी रोज कुठंतरी निघे आणि रोज तिला कुठल्यातरी भिंतीकडं तोंड करून उभं राहावं लागे. पोपडे उडालेल्या भिंती बघत ती मनात तिथी मोजायची. पाठीमागून हत्ती जायचे, घंटा वाजायच्या, धूळ मानेवर बसायची. शेजारी उभी माणसं भाजीपाल्याच्या गप्पा मारायची. त्यांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं. भिवराला त्या हत्तींपेक्षा या गप्पांची भीती जास्त वाटली.

अवसेच्या दिवशी ती डोंगरावर पोचली. तिथं झाडं माणसाला वाट देण्यासाठी बाजूला सरकत. जोगनाथ गुहेच्या तोंडाशी जेवायला बसला होता. समोर दोन पानं मांडली होती. एक त्याचं. दुसऱ्यावर अन्न वाढलेलं होतं आणि त्यापुढं कुणी नव्हतं. कावळे दुरून बघत, पण त्या पानाला चोच लावत नसत.

“कोण?”

“हैबती दवंडीवाल्याची बायको. राजाचा आवाज न्यायला आले.”

“राजानं माझा अपमान केला.”

“केला. ठाऊक आहे मला.”

“मग त्याच्या बाजूनं कशाला आलीस?”

“त्याच्या बाजूनं नाही आले. तुम्ही त्याला शिक्षा केलीत, बाबा, आणि तो मजेत आहे. भिंतीकडं तोंड करून आम्ही उभे आहोत. पुनवेला आमची घरं पाण्याखाली जातील.”

“ते मी केलं नाही.”

“नाहीच केलं. तुमचा शाप वाड्यावर पडला आणि उतार बघून आमच्याकडं वाहत आला. एवढंच सांगते.”

जोगनाथाचे डोळे लाल झाले. तो काही बोलणार, तोच खालून वाऱ्यावर आवाज आला. “ऐका हो ऐका! तळवाडीची ही दुसरी दवंडी... ऐकलं का हो?”

“ऐकलं,” भिवरा म्हणाली.

“ऐकलं,” जोगनाथ म्हणाला.

म्हणाला आणि त्यानं घाईनं पालथ्या हातानं तोंड पुसलं. भिवरा त्याच्याकडं बघत राहिली. एवढा टोळधाड हटवणारा मांत्रिक, पण तिची नजर त्याला सहन झाली नाही.

“मी कानांत बोळे घालतो,” तो हळूच म्हणाला.

“तोंडात काय घालता?”

जोगनाथ उठला. आतून मडकं घेऊन आला. त्याचं तोंड पानानं झाकून दोऱ्यानं बांधलं होतं. “ने. वाटेत पान सोडू नकोस, सोडशील तेवढा आवाज विरेल. आणि माझं देणं अजून बाकी आहे. पुनवेला सूर्य मावळायच्या आत राजा माझ्या मांडीला मांडी लावून जेवला पाहिजे. नाही जेवला तर त्याचा आवाज कायमचा गेला. मग तुझा आवाज या मडक्यात येईल.”

“माझा का? मी काय तुम्हाला पागेत वाढलं?”

“मडकं रिकामं राहत नाही.”

“म्हणजे वाड्यातले असोत की डोंगरावरचे, तुम्ही सगळे सारखेच.”

“असू,” जोगनाथ म्हणाला. “कबूल आहे का?”

“कबूल. नसून करते काय? तळवाडीत या जेवायला. आमच्याकडं पागा नाही.”

ती मडकं पोटाशी धरून उतरली. वाटेत मडक्यातून बारीक आवाज आला. “नको. मला नेऊ नको. तिथं सगळे बघतात.” भिवरा दचकली. राजाचा आवाज असा असेल असं तिला वाटलं नव्हतं. लग्नात चुकून पुढं बसवलेल्या लाजऱ्या माणसासारखा तो होता. या आवाजात हुकूम दिला तर शेजारची मांजरसुद्धा उठली नसती. मग तिला कळलं की राजाला तो परत का नको आहे. कळलं तशी तिची काळजी आणखी वाढली. हरवलेली वस्तू परत दिली तर माणूस घेतो. नकोशी झालेली कशी द्यायची?

चालताना तिला हैबतीचे दिवस आठवत होते. त्यानं उभ्या जन्मात कुठलीही दवंडी आधी घरात म्हटल्याशिवाय गावात दिली नव्हती. त्या घराण्याची ती रीत होती. तो उंबऱ्यात उभा राही आणि चुलीपाशी बसलेल्या भिवराला दवंडी ऐकवी. ती वर न बघता तीन गोष्टी विचारी. कुणी सांगितलं? कुणासाठी? तुम्ही स्वतः कराल का? पटलं तर ‘ऐकलं’ म्हणे. नाही पटलं तर हैबती हलगी खुंटीला लावी आणि सांगणाऱ्याला जाऊन सांगे, “घरातून निघेना.” लोक त्याला हसत. बायकोचा गुलाम म्हणत. पण त्या काळी त्याच्या दवंडीनं कुणाचं घर बुडालं नव्हतं.

वाड्याच्या दारात पितळी सिंह बसला होता. त्याच्यापुढं मोठी रांग होती. जो पुढं येई त्याला सिंह विचारी, “काम?” माणूस काम सांगे. सिंह म्हणे, “उद्या या.” एवढं ऐकलं की माणसाच्या पायाचं थोडंसं दगड होई. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. रांगेतली पुढची कित्येक माणसं पुरती दगडाची झाली होती आणि त्यांच्या खांद्यांवर चिमण्यांनी घरटी केली होती. वाड्यातले नोकर त्यांच्यावर ओले कपडे वाळत घालत.

“काम?” सिंहानं विचारलं.

“महाराजांना भेटायचंय.”

“उद्या या.”

भिवराच्या पायाची बोटं दगड झाली. दुसऱ्या दिवशी टाच. तिच्या शेजारी एक म्हातारा छातीपर्यंत दगड होऊन उभा होता.

“कशासाठी आलात, आजोबा?”

“म्हशीची तक्रार होती. शिपायांनी सोडून नेली. आता ती मेलीही असेल.”

“मग घरी जायचं होतं, पाय होते तोवर.”

“छे छे, रांग कशी सोडायची?” म्हातारा म्हणाला. “इथवर आलोच आहोत. आता पाळी येईलच माझी.” एवढं बोलला आणि त्याचा गळा दगड झाला.

पुनवेची सकाळ उजाडली तेव्हा भिवरा गुडघ्यापर्यंत दगड झाली होती. बुरुजाखाली तळवाडीची माणसं बोचकी घेऊन जमत होती. तिसरी दवंडी आता कधीही होणार होती. पान सोडलं तर आवाज विरेल, नाही सोडलं तर ती इथंच उभी राहील. तिनं दोरा सैल केला आणि मडक्यात तोंड घालून म्हणाली, “आत तुमचं घर आहे. एकदा बोला, नाहीतर आपण दोघं इथंच चिमण्यांना घरटी देऊ.”

मग आतून आलं, “उ... उघड.”

सिंहानं कान टवकारले. ओतला गेला त्या दिवशी त्यानं हाच आवाज पहिल्यांदा ऐकला होता. तो उठला आणि बाजूला झाला. भिवराचे पाय मोकळे झाले. तिनं दोरा आवळला आणि ती जिन्यानं धावली.

जिन्यावर पहारेकरी होते. पण राजा नुकताच तिथून वर गेला होता, म्हणून ते सगळे रीतीप्रमाणे भिंतीकडं तोंड करून उभे होते. भिवरा त्यांच्या पाठीमागून गेली. कुणी वळलं नाही.

बुरुजावर मोठा कर्णा होता. त्याच्यातून बोललं की शब्द राज्यभर जात. राजा धवलसेन त्याच्यापाशी उभा होता. पाठीला पोक आलेला, बारीक डोळ्यांचा माणूस. त्यानं भिवराला बघितलं, मडकं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग तो बोलला.

“भिवरा,” तो म्हणाला. “किती चालत आलीस. पाय सुजले असतील तुझे.”

हैबतीचा आवाज. तोच, थोडा खरखरता, शब्दाच्या शेवटी खाली येणारा. इतक्या वर्षांत त्या आवाजानं तिला नावानं हाक मारली नव्हती. भिवराचे डोळे भरले. मडकं हातातून निसटता निसटता राहिलं.

“ते मडकं ठेव खाली आणि घरी जा,” आवाज मायेनं म्हणाला. “दवंडीचं मी बघतो. तळवाडी उठणार, ते आता बदलायचं नाही. ऐकलं का?”

तिचं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला. पण त्या आवाजानं समोर उभं राहून दवंडी सांगितली की आधी काय म्हणायचं, ते तिच्या जिभेला उभ्या संसारानं शिकवलं होतं.

“कुणी सांगितलं?” भिवरा म्हणाली.

आणि आवाजालाही तीच सवय होती. राजानं ओठ मिटायच्या आत आवाज बोलून गेला. “मी. धवलसेनानं.”

राजानं तोंडावर हात दाबला. त्याची पाठ कर्ण्याला टेकली होती आणि प्रत्येक शब्द कर्ण्यातून राज्यावर जात होता.

“कुणासाठी?”

“माझ्या एकट्यासाठी,” बोटांच्या फटीतून आवाज आला. “आवाज दुसऱ्याचा आहे हे मला रोज आठवतं. मोठं काही करायला घेतलं की थोडा वेळ विसरतो.”

“तुम्ही स्वतः कराल का? एका दवंडीवर घर सोडाल?”

“मी? नाही. कधीच नाही.”

राजा घाईनं कर्ण्याकडं वळला आणि ओरडला, “ऐका हो ऐका! तळवाडीची ही तिसरी दवंडी! घरं सोडा! ऐकलं का हो?”

उत्तर आलं नाही. राज्यात पहिल्यांदाच आलं नाही. लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले, आपलं तोंड मिटलेलं आहे याची खात्री करत.

मग जनकू परटाचा आवाज आला. “पुन्हा सांगा, महाराज! कुणासाठी म्हणालात?”

कुणीतरी हसलं. राजानं पुन्हा तोंड उघडलं, पण आता आवाज निघेना. घरात विचारणा होऊन अडलेली दवंडी त्या आवाजानं कधी पुढं नेली नव्हती. राजा मुका झाला. त्यानं मडक्याकडं हात केला.

“तुमचाच आहे,” भिवरा म्हणाली. “पण असा मिळायचा नाही. जोगनाथ तळवाडीत पान मांडून बसलाय. चला जेवायला.”

राजानं नाही म्हणून मान हलवली आणि तो खाली बसला. बसूनच राहिला. दुपार झाली. ऊन कलायला लागलं. भिवरानं समजावलं, मग रागावली, मग विनवलं. तिचा घसा बसत चालला होता आणि तो कशानं बसतोय हे तिला ठाऊक होतं. राजाला काहीच तोटा नव्हता. मुका का होईना, वाडा त्याचाच होता. तोट्यात तीच होती, आणि खाली निखाऱ्यापाशी बसलेला तिचा नवरा. ज्याच्याकडं सगळं आहे त्याला घाई नसते. घाई नेहमी समोरच्यालाच असते.

शेवटी तिला बोलवेना. तिनं राजासमोर मडकं ठेवलं आणि पान काढून टाकलं. विरायचा तो विरो.

“भूक लागलीय,” मडक्यातला आवाज म्हणाला.

राजा दचकला. इतक्या वर्षांनी त्यानं स्वतःला ऐकलं होतं.

“सकाळपासून काही खाल्लं नाही,” आवाज आणखी बारीक झाला. “एकटं जेवायला बरं नाही वाटत.”

राजानं मडकं उचललं आणि छातीशी धरलं. मग तो उठला आणि जिना उतरू लागला. रस्त्यात कुणी भिंतीकडं तोंड केलं नाही. सगळ्यांनी त्याला समोरून बघितलं. राजाला ते बघणं जड गेलं, पण तो चालला.

तळवाडीत सूर्य बांधाला टेकला होता. सण होता, पण सगळ्यांची भांडी बोचक्यात होती. पुरण कुठून येणार? सोनाईनं बोचकं सोडून पिठलं टाकलं होतं. जोगनाथ जमिनीवर बसला होता. शेजारी एक पान होतं.

“बस,” जोगनाथ म्हणाला.

राजा उभा राहिला. त्यानं त्या मातीकडं बघितलं, जनकूच्या ओल्या धोतराकडं, मग मांत्रिकाच्या मळक्या मांडीकडं. सूर्य अर्धा बुडाला. भिवरानं “बसा हो” म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. हैबती पुढं झाला. त्याला बोलता येत नव्हतं. तिलाही येईना. दोघं राजाकडं बघत उभी राहिली.

राजा बसला. मांडीला मांडी लागली. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि खाल्ला.

जोगनाथानंही घास घेतला. “मीठ कमी आहे,” तो म्हणाला.

“इतकी वर्षं थांबलात, मीठ तेवढं घेऊन यायचं होतं,” सोनाई म्हणाली.

राजाच्या मांडीवरचं मडकं तडकलं, त्याचा आवाज त्याच्या गळ्यात शिरला आणि उसना आवाज ओठांशी येऊन थांबला. वाड्याच्या दारात सिंह पुन्हा नुसता पितळेचा झाला आणि रांगेतली माणसं खांद्यांवरच्या चिमण्या उडवत आपापल्या घरी निघाली. म्हैसवाला म्हातारा सगळ्यात पुढं होता. भिवरानं खोकून घसा मोकळा केला.

“त... तळं होणार नाही,” राजा स्वतःच्या आवाजात म्हणाला. आवाज बारीक होता, पण सगळ्यांनी कान देऊन ऐकला. “स्वारी निघाली तरी कुणी भिंतीकडं वळायचं नाही.”

“आणि?” जोगनाथानं विचारलं.

राजानं सोनाईच्या घागरीतून ओंजळीत पाणी घेतलं. त्यावर तोंड वाकवून त्यानं ओठांशी थांबलेला उसना आवाज पाण्यात सोडला. मग उठून तो हैबतीपाशी गेला आणि ओंजळ पुढं केली. हैबती ते पाणी प्यायला.

देणं फिटलं.